सॅमनच्या गळाला काय लावावं?

प्रस्तावना

समुद्रातून नदीच्या मुखात शिरलेला सॅमन खाणं सोडतो. त्याचं पोट आकसत जातं. अंगात साठवलेल्या चरबीच्या बळावर तो प्रवाहाविरुद्ध चढत राहतो, जिथे जन्मला त्याच ओढ्याच्या वाळूगोट्यांत अंडी घालतो, आणि पॅसिफिकमधल्या जातींच्या बाबतीत तिथेच मरतो. या माशाला भूक उरलेली नसते. तरीही त्याच्यापुढून अंड्यांचा घोस, पितळी चमचा किंवा नुसता रंगवलेला गळ गेला, तर कधीकधी तो झडप घालतो. का घालतो, याबद्दल तर्क पुष्कळ आहेत. कोणी राग म्हणतं, कोणी समुद्रातल्या दिवसांची सवय म्हणतं, कोणी जागा राखण्याची वृत्ती. सिद्ध झालेला एकही नाही. वॉशिंग्टन, ओरेगन, ब्रिटिश कोलंबिया आणि अलास्का या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या जी आमिषविद्या उभी राहिली, ती या कोड्याभोवती उभी राहिली आहे.

सिॲटल परिसरातल्या कुठल्याही मासेमारीच्या दुकानात नवखा माणूस शिरला, की भिंतभर टांगलेली रंगीबेरंगी पाकिटं पाहून गांगरतो. ‘सगळ्यात चांगलं आमिष कोणतं?’ असं तो विचारतो. दुकानदार त्या आठवड्यात जे चालतंय ते काढून देतो, आणि तो सल्ला त्या आठवड्यापुरता खराही असतो. महिन्याभराने तीच जोडणी घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो, कारण दरम्यान मासा पुढे सरकलेला असतो. माझं सांगणं असं, की आमिषाची चौकशी करण्याआधी माशाची करावी. तो आपल्या प्रवासात कुठवर आलाय? समुद्रात चरणारा सॅमन, मुखाशी घोटाळणारा सॅमन आणि नदीत चढलेला सॅमन हे तीन वेगळे मासे आहेत असं समजूनच गळ बांधावा. या पुस्तकाची मांडणी त्याच समजुतीवर केली आहे.

आधी माशाची ओळख. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून रावस विकला जातो. रावस चवीला उत्तम, पण सॅमनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनच्या पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकआय, पिंक आणि चम. चिनूक सर्वांत थोराड. अलास्कातल्या केनाई नदीत १९८५ साली गळाला लागलेला चिनूक ९७ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ४४ किलोंचा होता. चिनूक आणि कोहो समुद्रात हेरिंग, वाळूत दडणारी सँड लान्स, माकूळ असं जिवंत, पळणारं भक्ष्य धरतात. सॉकआय मात्र मुख्यतः सूक्ष्म जीव आणि कोळंबीसारखे बारीक प्राणी गाळून खातो. म्हणून चिनूकसाठी उत्तम ठरलेली हेरिंग सॉकआयपुढे व्यर्थ जाते. पिंक सॅमन दोन वर्षांचं आयुष्य जगतो, आणि वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या सागरी खाडीत त्याचे मोठे थवे विषम सालांतच येतात. अटलांटिकचा सॅमन वेगळा. अंडी घातल्यावर त्यातले काही जगतात आणि पुन्हा समुद्रात जातात.

या विद्येचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तकं इंग्लंडपासून सुरुवात करतात. ते मला पटत नाही. या किनाऱ्यावरच्या मूलनिवासी लोकांना सॅमनचं वागणं गोऱ्या माणसाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. लमी आणि त्यांच्या शेजारच्या जमाती सॅन वान बेटांजवळ ‘रीफ नेट’ लावत. दोन होड्यांमध्ये जाळं, आणि त्याच्याकडे उतरत्या दोरांमध्ये गवताच्या पट्ट्या विणलेल्या. खालून येणाऱ्या सॉकआयच्या थव्याला समुद्राचा तळच वर चढत चालल्यासारखा वाटे, तोही वर चढे आणि थेट जाळ्यावर येई. आमिषाचा कणही न वापरता, माशाच्या नजरेचा आणि सवयीचा अभ्यास करून केलेली ही मासेमारी आहे. कोलंबिया नदीच्या सेलिलो धबधब्यावर लाकडी मचाणांवर उभं राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी सॅमन काढत. डॅलेस धरणाच्या पाण्याखाली १९५७ मध्ये तो धबधबा बुडाला. पुढे न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी १९७४ साली निकाल दिला, की एकोणिसाव्या शतकातल्या करारांनुसार वॉशिंग्टनमधल्या जमातींना धरता येण्याजोग्या सॅमनपैकी निम्म्याचा हक्क आहे. आज तिथल्या हौशी मासेमाराला मिळणारा हंगाम, त्याचे दिवस, त्याची मर्यादा हे सगळं राज्य आणि जमाती मिळून ठरवतात. गळ बांधायला बसलेल्याला याची माहिती असलीच पाहिजे.

आता खाऱ्या पाण्यातल्या पंथांकडे येऊ. त्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो मूचिंगचा, म्हणजे होडी वाहू देत कापलेली हेरिंग हळूच खालीवर खेळवण्याचा. सिॲटल शहरालगतच्या एलियट बेमध्ये जपानी-अमेरिकन मासेमारांनी ही पद्धत घडवली. दुसऱ्या महायुद्धात या समाजाला घरदार सोडून छावण्यांत राहावं लागलं, आणि परत आल्यावर त्यांनी आपले गळ पुन्हा पाण्यात सोडले. त्यांच्या टेंगू क्लबच्या हिवाळी स्पर्धेचा दंडक असा, की गळाला फक्त हेरिंग लावायची. झगमगती पाती, प्लास्टिकचे माकूळ, खोल नेणारी यंत्रं वर्ज्य. साहित्य अगदी मोजकं. केळ्याच्या आकाराचं शिशाचं वजन, त्यामागे सहा ते नऊ फुटांचा लीडर, म्हणजे गळाकडचा शेवटचा दोर, आणि टोकाला एकामागे एक बांधलेले दोन गळ.

सगळं कसब हेरिंग कापण्यात आहे. कल्ल्यांच्या मागे सुरी दुहेरी तिरकी धरायची, वरून खालीही तिरकी आणि एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडेही तिरकी. एका घावात डोकं वेगळं झालं पाहिजे. दोनदा करवतलं, तर काठ फाटतो. पोटातली घाण ओढून काढायची, पुढचा गळ पोकळीच्या आतून बाहेर आणायचा, मागचा कुशीत टोचायचा किंवा सुटा सोडायचा. मग होडीच्या कडेला हातभर पाण्यात ओढून पाहायचं. हेरिंग स्वतःभोवती फिरली पाहिजे. काप जितका तिरका, तितका फेर घट्ट आणि वेगवान. कोहोला असा वेग आवडतो, चिनूकला जरा संथ, लोळणारा फेर चालतो. फिरण्याऐवजी ती नुसती ओढली जात असेल तर बाहेर काढून गळ पुन्हा लावायचा, आशेवर खाली सोडायची नाही. मासे बर्फातून काढून थेट कापले तर मांस मऊ पडतं आणि खवले सुटतात. म्हणून आदल्या रात्री त्यांना मिठाच्या पाण्यात ठेवतात. आयोडीन नसलेलं जाडं मीठ, थोडी दूध पावडर, आणि आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना घालत तसली नीळ. मिठाने मांस घट्ट होतं, निळीने खवल्यांची चमक टिकते. हेरिंग ही आपल्या तारलीच्याच कुळातली, त्यामुळे कोकणातल्या वाचकाला तिचा ठिसूळपणा वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरा मोठा पंथ ट्रोलिंगचा. होडी संथ चालवत आमिष मागून ओढायचं. डाउनरिगर नावाच्या चरख्यावरून दहा-पंधरा पौंडांचा गोळा तारेने खाली सोडतात, लाइन त्याला चिमट्याने अडकवतात, आणि आमिष नेमक्या खोलीवर चालतं. मासा लागला की चिमटा सुटतो. लाइनवर फ्लॅशर, म्हणजे फूटभर लांबीचं चकाकणारं पातं, आणि त्यामागे हूची, म्हणजे प्लास्टिकचा माकूळ. नवखे लोक रंगांवर तासन्‌तास वाद घालतात आणि लीडरची लांबी मात्र अंदाजाने ठेवतात. खरा फरक तिथे पडतो. हूचीला स्वतःची हालचाल नसते. फिरणारा फ्लॅशर तिला जे हिसडे देतो, तेवढ्यावरच ती जिवंत वाटते. म्हणून तिचा लीडर तीन-चार फुटांचा आणि जरा जाड, ताठ दोऱ्याचा हवा. लांब, लवचिक दोऱ्यात तो हिसडा वाटेतच विरतो. स्पून, म्हणजे धातूचा चमचा, मात्र स्वतः डुलतो, त्याला पाच-सहा फुटांचा मोकळा दोर द्यावा. रंगाचं शास्त्रही आहे, पण ते साधं आहे. पाण्यात खोल जाताना लाल रंग सर्वांत आधी मावळतो, हिरवा-निळा टिकतो. शंभर फुटांखाली लाल हूची करडीच दिसते.

वासाचं प्रकरण या पुस्तकात मी मुद्दाम मोठं ठेवलं आहे, कारण तिथे शास्त्रीय पुरावा भक्कम आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी यांनी १९५१ साली मांडलं, की सॅमनचं पिल्लू आपल्या ओढ्याचा वास मनात ठसवून घेतं आणि वर्षांनंतर त्याच वासाच्या मागाने घरी परततं. पुढच्या प्रयोगांनी ते सिद्ध झालं. त्याच दशकात ब्रिटिश कोलंबियात संशोधकांनी माणसाचे हात आणि अस्वलाचा पंजा धुतलेलं पाणी नदीत वरच्या बाजूला सोडून पाहिलं, तर चढणारे सॅमन थबकले. सस्तन प्राण्यांच्या त्वचेतला सेरीन हा पदार्थ त्याला कारण असल्याचं नंतर दिसून आलं. शिकारी अस्वलाचा वास ओळखणारं हे नाक आहे. तेव्हा आमिषाला हात लावण्याआधी बिनवासाच्या साबणाने हात धुणं ही जुन्या मासेमारांची लहर नाही. हातमोजे घातले तर उत्तमच.

नदीत शिरल्यावर हिशेब बदलतो. तिथे भुकेला हाक मारून उपयोग नसतो. नदीतलं सर्वांत मानाचं आमिष म्हणजे सॅमनचीच अंडी. मादीच्या पोटातला अंड्यांचा पट्टा अखंड काढून बोरॅक्स, मीठ, साखर लावून मुरवतात, आणि बोराएवढे तुकडे कापून गळावर लावतात. मऊ अंडी प्रवाहात टिकावीत म्हणून गळाच्या दांड्यावर दोऱ्याचा फास ठेवायची खास गाठ आहे. त्या फासात घोस अडकवून दोर ओढला की तो आवळला जातो. ही गाठ या पुस्तकात पायरीपायरीने काढून दाखवली आहे, कारण ती एकदा हातात बसली की नदीतली निम्मी अडचण संपते. दुसरी रीत प्लगची, म्हणजे पाण्यात थरथरणाऱ्या माशाच्या आकाराच्या कृत्रिम आमिषाची. होडी प्रवाहाकडे तोंड करून, प्रवाहापेक्षा किंचित कमी जोराने वल्हवायची, म्हणजे ती हळूहळू मागे सरकते आणि प्रवाहाच्या दिशेने सोडलेला प्लग खालच्या डोहातल्या माशांच्या अंगावर थरथरत येतो. मासा मागे हटत जातो आणि शेवटी चावतो. प्लगच्या पोटाला तारलीजातीच्या माशाची पट्टी दोऱ्याने गुंडाळून बांधतात, म्हणजे थरथर आणि वास दोन्ही एकत्र पोहोचतात.

गोड्या पाण्यातलं एक उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. सिॲटललगतच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सॉकआयचा हंगाम उघडत असे, तेव्हा लोक मोठ्या पात्यामागे आमिष न लावता नुसते रंगीत गळ सोडत आणि भरभरून मासे काढत. आमिष म्हणजे खाद्यच, ही कल्पना तिथे पार मोडते. मात्र याच्याच शेजारी एक वादग्रस्त प्रकार आहे. फ्रेझर नदीत खूप लांब लीडर तळाशी वाहू देतात. तोंड उघडझाप करत चढणाऱ्या सॉकआयच्या जबड्यातून दोर सरकतो आणि गळ बाहेरून रुततो. माशाने काही घेतलेलंच नसतं. कायद्याच्या कसोटीवर ही रीत कुठे कशी उतरते ते पुस्तकात येईल. मी स्वतः तिला गळाची मासेमारी मानत नाही.

राहिला फ्लायचा, म्हणजे पिसांच्या कृत्रिम माशीचा पंथ. त्याचं एक मोठं केंद्र स्कॉटलंड. व्हिक्टोरियन काळात तिथल्या सॅमन फ्लाय दागिन्यांसारख्या नटल्या. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ च्या ग्रंथात त्यांच्या कृती जगभरच्या पक्ष्यांची पिसं घालून दिल्या आहेत. त्यातलं एक पीस आपल्या सह्याद्रीतलं. राखी रानकोंबड्याच्या मानेवर टोकाशी मेणचट चकाकी असलेली ठिपकेदार पिसं असतात. ‘जॉक स्कॉट’सारख्या नामांकित फ्लायच्या दोन्ही बाजूंना तीच बांधत. त्यापायी किती रानकोंबडे मारले गेले असतील याचा विचार करताना मला वाईट वाटतं. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच या पक्ष्याला आहे. विशेष म्हणजे माशाला या नटण्याची गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्कॉटलंडच्या डी नदीवर आर्थर वुड यांनी रेशमी लाइनला चरबी चोळून ती तरंगती ठेवली, अगदी विरळ पिसांची छोटी फ्लाय पृष्ठभागालगत पोहू दिली, आणि उन्हाळ्यातल्या उथळ, कोमट पाण्यात शेकडो सॅमन धरले. कपडे कमी, चाल नेमकी. सॅमनच्या आधुनिक फ्लायफिशिंगला त्या नदीवर मोठा आधार मिळाला.

फ्लायवाले स्वतःला श्रेष्ठ समजतात, आमिषवाले त्यांना शिष्ट म्हणतात. या भांडणात एक गोष्ट नेहमी विसरली जाते. गळाने धरलेल्या सॅमनचा ब्रिटनमधला विक्रम आजही जॉर्जिना बॅलन्टाइन यांच्या नावावर आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये टे नदीवर ६४ पौंडांचा मासा त्यांनी दोन तासांहून अधिक झुंजून आणला, आणि तो घेतला होता डेस या छोट्या माशाच्या आमिषावर. दुसऱ्या टोकाला ब्रिटिश कोलंबियातला टाई क्लब, स्थापना १९२४. कॅम्पबेल नदीच्या मुखाशी वल्ह्यांच्या होडीतून, कृत्रिम आमिषावर, काटा नसलेल्या एकेरी गळाने, वीस पौंडांपेक्षा जास्त ताकद नसलेल्या दोराने तीस पौंडांचा चिनूक धरला, तरच सदस्यत्व मिळतं. दोन्ही रीती मला आदराच्या वाटतात, कारण दोन्हींत माशाचा विचार आहे.

हे सगळं आत्ताच मराठीत का आणावं? एक कारण घरचं आहे. सिॲटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर या पट्ट्यात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत. त्यांतल्या कित्येकांना मालवण-अलिबागच्या खाडीत गळ टाकायची सवय होती, आणि इथल्या थंड पाण्यात तीच हौस नव्याने धरायची आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे: सॅमन संकटात आहे. ग्रँड कूली धरणाने कोलंबियाचा वरचा सगळा भाग सॅमनला बंद केला. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आहे. चिनूकवर जगणारे तिथले निवासी ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, २००५ पासून त्याच यादीत आहेत. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातला सॅमनचा हंगाम २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं पूर्ण बंद राहिला. दिलासाही आहे. वॉशिंग्टनमधल्या एल्वा नदीवरची धरणं २०१४ पर्यंत पाडली, ओरेगन-कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीवरची चार २०२४ मध्ये, आणि क्लॅमथवर त्याच शरद ऋतूत सॅमन जुन्या बंद भागात चढताना दिसले.

अशा काळात आमिषाची निवड ही फक्त यशाची बाब राहत नाही. आज बऱ्याच ठिकाणी फक्त हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेला मासा ठेवता येतो. पाठीचा पर आणि शेपूट यांच्या मधला छोटा मांसल पर कापलेला असेल तर तो हॅचरीचा, अखंड असेल तर तो जंगली मानून सोडून द्यावा लागतो. सोडलेला मासा जगेल की मरेल, हे गळ कुठे लागला त्यावर ठरतं. वाहत्या, संथ आमिषाला सॅमन आत ओढतो आणि गळ घशात किंवा कल्ल्यांत रुततो. चालत्या आमिषाला तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. म्हणून जिथे लहान किंवा जंगली मासे जास्त, तिथे माझा आवडता मूचिंग बाजूला ठेवून ट्रोलिंग करावं, असं मी या पुस्तकात स्पष्ट सांगितलं आहे. प्युजेट साउंडमध्ये सॅमनसाठी काटा नसलेला गळ सक्तीचाच आहे. जिथे नाही, तिथेही पकडीने काटा दाबून टाकावा.

पुस्तकाची व्याप्ती मर्यादित आहे. कोणत्या धक्क्यावर कोणत्या दिवशी मासे लागतील हे यात नाही. कोहो-चिनूक नेऊन सोडल्यामुळे १९६० च्या दशकापासून ग्रेट लेक्समध्ये वाढलेल्या मासेमारीचा इथे फक्त उल्लेख आहे. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. इथे आहे ती जोडण्यांमागची कारणं: वजन का इतकंच, लीडर का एवढाच, गळ एक की दोन. कारण समजलं की वाचक अनोळखी नदीवरही आपली जोडणी स्वतः ठरवू शकेल.

दोन विनंत्या आहेत. हंगाम, मर्यादा आणि गळाचे नियम दरवर्षी बदलतात, कधी हंगामाच्या मधेच बदलतात. तेव्हा पुस्तकातला नियम प्रमाण न मानता निघण्याच्या दिवशी त्या त्या राज्याच्या किंवा प्रांताच्या मत्स्यविभागाची ताजी सूचना वाचावी. आणि सोडायचा मासा होडीत घेऊ नये. त्याला पाण्यातच ठेवून पकडीने गळ सोडवावा, हात लावावाच लागला तर आधी हात ओले करावेत. नद्यांवर आणि खाड्यांवर जे अनुभव येतील, विशेषतः इथे दिलेल्या जोडण्या जिथे चालल्या नाहीत ते, प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत त्यांना जागा देईन.